हरळी, कडबाकुट्टी आणि लॉनमोअर

आमचं गवत कापायचं यंत्र अखेर या एप्रिलमध्ये गेलं. चोरीला नाही, देवाघरी. दोरी ओढून ओढून माझा खांदा दुखायला लागला, पण इंजिनानं साधा हुंकारही दिला नाही. तेल बदललं, प्लग पुसला, शेवटी एक लाथही घालून पाहिली (सौ. खिडकीतून बघत होत्या). काही उपयोग झाला नाही.

न्यू जर्सीत एप्रिल-मे म्हणजे गवताचे दिवस. या शनिवारी कापलं की पुढच्या शनिवारपर्यंत पुन्हा घोट्याला लागतं. शेजारी तोंडानं काही बोलत नाहीत. हसून हात करतात, हवापाण्याचं विचारतात, आणि नजर तेवढी आमच्या अंगणावरून फिरवून नेतात. तेव्हा दुसऱ्याच दिवशी दुकानात गेलो. तिथे ही भली मोठी रांग. पेट्रोलची, बॅटरीची, वायरची, कासवासारखा आपला आपण फिरणारा रोबो, आणि अगदी टोकाला, कुणी बघत नाही अशा कोपऱ्यात, हातानं ढकलायचं साधं यंत्र. दोन चाकं, मध्ये पीळ दिलेली पाच पाती, एक दांडा. बस.

मुलगा रोबोपाशी उभा राहिला. मी त्या कोपऱ्यात. आणि मला आबा आठवले. आबांची ती गोष्ट घरच्यांपैकी फार थोड्यांना माहीत आहे. कऱ्हाडची मंडळी हे वाचत असतील तर त्यांनी आता एवढ्या वर्षांनी रागावू नये, म्हणून आधीच सांगून टाकतो.

२००६ च्या उन्हाळ्यात आबा चार महिने आमच्याकडे होते. जन्मभर शेती केलेला माणूस. आल्या आल्या त्यांनी अंगण पाहिलं आणि विचारलं, "गुरं कुठायत?" मी म्हटलं, गुरं नाहीत. "मग एवढं गवत कुणासाठी?" याचं उत्तर माझ्यापाशी तेव्हाही नव्हतं. पाणी घालायचं, खत घालायचं, वाढवायचं आणि वाढलं की कापून टाकायचं. आबांना हा सगळा व्यवहार मुळातूनच पटला नाही. पण हात बांधून बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. आठवड्याभरात अंगणाचा ताबा त्यांनी घेतला.

एक दिवस गाडीच्या रस्त्याच्या कडेला ते उकिडवे बसलेले दिसले. "आरं, ही हरळी हितं कशी आली?" खरोखरच हरळी होती. आपल्या गणपतीच्या दूर्वा त्याच. इथे तिला बर्म्युडा ग्रास म्हणतात. दक्षिणेकडच्या राज्यांत लोक तिचं बी पैसे मोजून विकत आणतात आणि तिची हिरवळ करतात, हे मी त्यांना सांगितलं. आबा बराच वेळ हसत होते. कुंदा आणि हरळी या दोघींशी त्यांनी पन्नास वर्षं वैर केलं होतं. उन्हाळ्यात रान खोल नांगरायचं, काश्या वेचायच्या, ढीग करून जाळायच्या, आणि मृगाचा पाऊस पडला की पुन्हा हरळी हजर. "पैसं देऊन?" त्यांनी दोनदा विचारलं. त्या वर्षी गणपतीला दूर्वांची ददात पडली नाही एवढं मात्र खरं.

तर यंत्राचं. आमचं तेव्हाचं यंत्र मी एका घरासमोरच्या जुन्या सामानाच्या विक्रीतून चाळीस डॉलरला आणलेलं. अशा पेट्रोलच्या यंत्राला दांड्याला लागून एक दुसरी पातळ दांडी असते. ती मुठीत दाबून धरली तरच पातं फिरतं, सोडली की थांबतं. आधीच्या मालकानं ती दांडी तारेनं घट्ट बांधून टाकली होती. हाताला रग लागत नाही, बरंच आहे की, असं म्हणून मीही तार तशीच ठेवली.

एका सकाळी रात्रीच्या पावसानं गवत ओलं होतं. मी मागच्या दारी फोनवर. आबा यंत्र ढकलत होते. ओल्या गवताचा गोळा बाहेर पडायच्या तोंडाशी अडकला. यंत्र घरघरत होतंच. आबा वाकले आणि गोळा काढायला हात घातला.

म्हणजे घालणार होते. मी ओरडलो ते कसं ओरडलो मला आठवत नाही. हात थांबला. वीतभर अंतर होतं. मग त्यांनी बाजूची एक काटकी उचलून त्या तोंडात घातली. तिचे तुकडे पार कुंपणापर्यंत उडाले. आबांनी यंत्र बंद केलं, तारेकडे पाहिलं आणि पक्कड मागितली. "तार कुणी बांधली?" मी म्हटलं, आधीच्या मालकानं. "आन्‌ तू का सोडली न्हाईस?"

मला उत्तर देता आलं नाही. त्यांनी तार तोडली, गुंडाळी करून कचऱ्यात टाकली आणि तो विषय पुन्हा कधी काढला नाही. आमच्या घरात या गोष्टीला एक आणखी संदर्भ आहे. थोरल्या तात्यांची उजव्या हाताची दोन बोटं १९७८ साली कडबाकुट्टीत गेली. मोटर नवीन बसवलेली. हातानं फिरवायची होती तोवर काही झालं नव्हतं, कारण फिरवणारा माणूस ओरडलं की थांबायचा. मोटरला ऐकू येत नाही. तात्या शेवटपर्यंत डाव्या हातानं जेवले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. ती दांडी तिथे कुणी आणि कधी लावली एवढंच शोधायला बसलो, आणि मग एकातून एक धागा निघत गेला. गेली कितीतरी वर्षं मी हे सवडीनं वाचतो आहे. गवत कापायच्या यंत्राला एवढा इतिहास असेल असं वाटलं नव्हतं.

यंत्राच्या आधी हिरवळ होती ती मेंढ्यांच्या आणि लांब दांड्याच्या विळ्यांच्या जिवावर. आपला विळा बसून चालवायचा. युरोपातला हा विळा उभ्यानं, कमरेतून झोका घेत चालवायचा. पातं हातभर लांब. बागेची हिरवळ कापणारे लोक पहाटे यायचे, कारण दवानं ओलं झालेलं गवत पात्यापुढे ताठ उभं राहतं आणि नीट कापलं जातं. ऊन चढलं की काम बंद. मागून बायका-पोरं कापलेलं गवत गोळा करायची. म्हणजे एखाद्या सरदाराच्या वाड्यापुढे गालिच्यासारखी हिरवळ असणं याचा अर्थ एकच होता, की याच्याकडे एवढी माणसं कामाला आहेत, आणि एवढी जमीन पिकाविना पाडून ठेवणं याला परवडतं. आबांचं "गुरं कुठायत?" हेच तर त्या हिरवळीचं प्रदर्शन होतं. क्रिकेटच्या लॉर्ड्स मैदानावरसुद्धा एके काळी मेंढ्या चरायच्या.

हे सगळं बदललं ते इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशर परगण्यात, स्ट्राउड नावाच्या गावाच्या आसपास. हा भाग लोकरी कापडाच्या गिरण्यांचा. लोकरीचं कापड विणून, कुटून झालं की त्यावर लव उठवायची आणि मग ती लव सारखी कातरायची, तेव्हा कापड मऊ आणि तुळतुळीत होतं. पूर्वी हे काम कारागीर हातानं करायचे, चांगल्या वजनदार कात्र्यांनी. कसबी काम, मजुरीही बरी. मग कातरायची यंत्रं आली. यॉर्कशरमध्ये १८१२ साली याच कारागिरांनी गिरण्यांवर रात्री हल्ले करून ती यंत्रं फोडली. लडाइट म्हणतात ते हेच. त्यातल्या काहींना १८१३ च्या जानेवारीत यॉर्कला फाशी झाली. यंत्रं राहिली. १८१५ साली स्ट्राउडजवळच्या ब्रिम्सकूमच्या जॉन लुइस यानं एक यंत्र काढलं. त्यात आडव्या रुळावर पीळ दिलेली पाती, खाली एक स्थिर पट्टी, आणि कापड त्या दोहोंमधून सरकत जायचं. उठलेली लव कातरून निघायची.

एडविन बिअर्ड बडिंग (जन्म १७९६) हा तिथलाच कारागीर. गिरण्यांची यंत्रं करणं, दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. कापडावरची लव कातरणारं यंत्र त्याच्या रोजच्या पाहण्यातलं. ते पाहता पाहता त्याच्या डोक्यात आलं, की कापड यंत्रातून सरकवण्याऐवजी यंत्रच गवतावरून सरकवलं तर? गवत म्हणजे तरी काय, जमिनीची लवच. त्यानं जॉन फेराबी या कारखानदाराला भागीदार घेतलं. पैसे फेराबीचे, डोकं बडिंगचं. १९ इंच रुंदीचं बिडाचं यंत्र तयार झालं. मागचा रूळ जमिनीवर फिरायचा, आणि दातेरी चाकांमुळे पुढची पाती त्याच्या कितीतरी पट वेगानं फिरायची. लोकांनी वेडा म्हणू नये म्हणून तो रात्री अंधारात यंत्र चालवून बघायचा अशी एक कथा सांगतात. खरी असो नसो, मला आवडते. पेटंट मिळालं ऑगस्ट १८३० च्या अखेरीस.

आता ही तारीख लक्षात ठेवा. कारण नेमक्या त्याच दिवसांत, त्याच ऑगस्टच्या अखेरीस, इंग्लंडच्या दुसऱ्या टोकाला केंट परगण्यात शेतमजुरांनी पहिलं मळणी यंत्र फोडलं. हिवाळ्यात हातानं मळणी करणं हेच त्यांचं चार महिन्यांचं पोट होतं, ते यंत्रानं खाल्लं. पुढच्या काही महिन्यांत हे लोण निम्म्या इंग्लंडभर पसरलं. "कॅप्टन स्विंग" अशी सही केलेली धमकीची पत्रं जमीनदारांना जायची. असा कॅप्टन कुणी नव्हताच. शेवटी १९ जणांना फाशी झाली आणि जवळजवळ ५०० जणांना बोटीत घालून ऑस्ट्रेलियाकडे पाठवलं. आणि इकडे बडिंगच्या पेटंटच्या कागदात काय म्हटलं आहे? तर, खेड्यातल्या सभ्य गृहस्थांनी हे यंत्र स्वतः चालवलं तर त्यांची करमणूक होईल आणि तब्येतीलाही चांगलं. विळा चालवणाऱ्या मजुराचं पुढे काय होईल, याबद्दल पेटंटच्या कागदात कशाला कोण लिहील म्हणा.

मला इथे बडिंगला दोष द्यायचा नाही. तो स्वतःच कामगार माणूस. पैसा त्याच्या हाती फारसा लागला नाही. १८३२ पासून इप्सविचच्या रॅन्सम्स कंपनीनं परवाना घेऊन त्याची यंत्रं काढली आणि पुढे त्या धंद्यात नाव मिळवलं. बडिंगनं स्क्रू फिरवून जबडा लहान-मोठा करायचा पानाही बनवला होता. तुमच्या घरच्या हत्यारांच्या पेटीत त्याचा वंशज नक्की सापडेल. अखेरच्या वर्षांत तो डर्स्ली गावी जॉर्ज लिस्टर नावाच्या माणसाबरोबर लोकर पिंजायच्या यंत्रांचं काम करायचा आणि १८४६ साली वारला. हे "लिस्टर" वाचलं तेव्हा मी खुर्चीत सरळ बसलो. याच जॉर्जच्या मुलानं १८६७ साली डर्स्लीतच कारखाना काढला, आणि पुढे तिथून जी डिझेल इंजिनं निघाली त्यांच्या नकला आपल्याकडे राजकोटला होऊन गावोगावच्या विहिरींवर बसल्या. आमच्या मळ्यातलं "लिस्टर टाइप" इंजिन, ज्याच्या ठक् ठक् आवाजावर मी लहानपणी झोपायचो, ते या घराण्यातलं. आबांना सांगितलं तर ते म्हणाले, "त्येचा पट्टा लई वाईट होता."

एक आणखी नातं सांगतो आणि पुढे जातो, कारण हे सांगितल्यावाचून राहवत नाही. १८९३ साली लँकशरमधल्या लेलँड गावच्या जेम्स समनरनं वाफेवर चालणाऱ्या गवत कापायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. अवजड धूड, वाफ धरायलाच तासन्‌तास लागायचे, ते काही टिकलं नाही. पण समनर टिकला. १८९६ साली त्यानं भागीदारीत वाफेच्या गाड्यांची कंपनी काढली, तिची पुढे लेलँड मोटर्स झाली, आणि तिच्याशी हात मिळवून मद्रासची अशोक मोटर्स १९५५ साली अशोक लेलँड झाली. म्हणजे कऱ्हाडच्या स्टँडवर धूर सोडत उभी राहायची ती लाल एसटी आणि आमचं अंगणातलं यंत्र हे लांबचे भाऊबंद. मुलाला हे सांगितलं तर तो नुसता "ओके" म्हणाला. असो.

मधल्या काळातली मोठी यंत्रं घोडे ओढायचे. खुरांचे ठसे हिरवळीत उठू नयेत म्हणून घोड्यांच्या पायांत चामड्याचे बूट घालत. विंबल्डनची १८७७ ची पहिली टेनिस स्पर्धा क्लबचा घोड्यानं ओढायचा रूळ मोडला होता, त्याच्या दुरुस्तीला पैसे उभे करायला भरवली असं सांगतात. १८५९ साली लीड्सच्या टॉमस ग्रीननं दातेरी चाकांऐवजी साखळी बसवून यंत्राचा खडखडाट कमी केला. रॅन्सम्सनं १९०२ साली पेट्रोलवरचं यंत्र विकायला काढलं. अमेरिकेत १८९९ साली जॉन अल्बर्ट बर या कृष्णवर्णीय संशोधकानं चाकांची अशी मांडणी केली की कापलेलं गवत दात्यांत अडकू नये आणि भिंतीच्या कडेपर्यंत कापता यावं. भिंतीकडेचं गवत हा प्रश्न फार जुना आहे हे कळून मला बरं वाटलं!

इथवरच्या यंत्रांत आणि हल्लीच्या यंत्रांत एक मोठा फरक आहे आणि निवड करताना तोच कळीचा आहे. बडिंगचं यंत्र कात्रीसारखं कापतं. फिरतं पातं आणि खालची स्थिर पट्टी यांच्यामध्ये गवताची काडी येते आणि कातरली जाते. कडबाकुट्टी याच तत्त्वावर चालते, म्हणून तर आबांनी पुढे एका दुकानात हातयंत्र पाहिल्या पाहिल्या ओळखलं. दुसऱ्या जातीचं यंत्र, म्हणजे आज घरोघरी असतं ते, कातरत नाही. त्यात एकच आडवं पातं पंख्यासारखं गरगरतं आणि गवताला नुसता फटका मारतं. पात्याच्या टोकाचा वेग ताशी दोनशे मैलांच्या आसपास असतो. धार बोथट असली तरी फटका बसतोच, फक्त शेंडे फाटतात आणि दोन दिवसांत तपकिरी पडतात. एवढ्या वेगासाठी हलकं, स्वस्त इंजिन लागतं, म्हणून हे यंत्र लोकांच्या हातात खऱ्या अर्थानं आलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर. सिडनीच्या मर्विन व्हिक्टर रिचर्डसननं १९५२ साली आपल्या घरच्या गॅरेजमध्ये असं एक यंत्र जुळवलं, पेट्रोलची टाकी म्हणून पीचच्या फोडींचा रिकामा डबा लावून. त्यातून व्हिक्टा कंपनी उभी राहिली. ऑस्ट्रेलियाला त्याचं एवढं कौतुक की २००० सालच्या ऑलिंपिकच्या उद्घाटनात ही यंत्रं घेऊन माणसं नाचली. ह्यूस्टनच्या जॉर्ज बॅलसला १९७१ साली गाडी धुवायच्या यंत्राचे फिरते ब्रश बघून सुचलं, आणि त्यानं पॉपकॉर्नच्या डब्याला भोकं पाडून मासे धरायची दोरी ओवली आणि तो फिरवला. झाडाच्या बुंध्याशी, कुंपणाशी गवत झोडायचं ते दोरीचं यंत्र हेच. रिकामे डबे टाकू नयेत, हे आमची आई सांगायचीच.

पण हे यंत्र घरोघरी गेलं त्याला केवळ इंजिन कारण नाही. घरं तशी बांधली गेली. आमच्यापासून नदीपलीकडे, पेनसिल्व्हेनियात लेव्हिटटाउन आहे. याच नावाची पहिली वसाहत न्यूयॉर्कजवळ १९४७ पासून उभी राहिली, ही दुसरी, १९५२ ची. एकसारखी हजारो घरं, प्रत्येकापुढे हिरवळ. घर घेणाऱ्यानं हंगामात दर आठवड्याला गवत कापलंच पाहिजे, कपडे वाळत घालायचे तर ते कसे आणि कधी, असे सगळे नियम. आणि सुरुवातीच्या करारांत आणखी एक अट, घर फक्त गोऱ्यांसाठी. १९४८ साली सर्वोच्च न्यायालयानं अशा अटी कोर्टात चालणार नाहीत असा निकाल दिला, तरी बांधकाम करणाऱ्यानं कृष्णवर्णीयांना घर विकायचं नाही हा हेका सोडला नाही. १९५७ च्या ऑगस्टमध्ये विल्यम आणि डेझी मायर्स हे कृष्णवर्णीय जोडपं लहान मुलांना घेऊन तिथे एका गोऱ्या मालकाकडून घेतलेल्या घरात राहायला आलं. शेकडो लोक त्यांच्या घरासमोर जमले, खिडकीवर दगड पडले, आठवडे हा प्रकार चालला. मायर्स कुटुंब हललं नाही.

जमलेले ते शेकडो लोक दर आठवड्याला नेमानं गवत कापणारेच होते. मी एकदा मुद्दाम गाडीनं त्या गल्ल्यांमधून फिरून आलो. सुंदर झाडं आहेत, छान हिरवळ आहे. आमच्यासारखे लोक या देशात मोठ्या संख्येनं येऊ शकले ते १९६५ च्या कायद्यानंतर, आणि तो कायदा झाला त्याला अशाच माणसांच्या लढ्याची पार्श्वभूमी होती. म्हणून शेजाऱ्याची नजर गवतावरून फिरली की मला नुसती लाज वाटत नाही, थोडा रागही येतो. आणि तरी मी शनिवारी कापतोच, हेही खरं.

जाता जाता, हिरवळीत पांढरी क्लोव्हर दिसली की लोक आता फवारा घेऊन धावतात. पूर्वी ती गवताच्या बियांत मुद्दाम मिसळत. ती हवेतला नायट्रोजन जमिनीत आणते, आपल्या हरभऱ्या-भुईमुगासारखी. महायुद्धानंतर २,४-डी नावाचं तणनाशक बाजारात आलं, ते रुंद पानांची झाडं मारतं आणि गवत ठेवतं. क्लोव्हरही मेली, तेव्हापासून ती तण ठरली.

आता त्या दांडीचं. फटक्याच्या यंत्रांनी अमेरिकेत दर वर्षी हजारोंच्या संख्येनं बोटं, पायाची बोटं जायची. तेव्हा सरकारी सुरक्षा आयोगानं नियम केला, की ३० जून १९८२ नंतर बनलेल्या, हातानं ढकलत न्यायच्या प्रत्येक यंत्राला अशी दांडी हवी, आणि हात सुटल्यावर तीन सेकंदांत पातं थांबलं पाहिजे. तीन सेकंद, यंत्राच्या मागून वळसा घालून पात्यापर्यंत हात नेण्यापेक्षा कमी वेळ. त्याच सुमारास, १९८३ साली, आपल्याकडेही धोकादायक यंत्रांचा कायदा झाला, मुख्यतः मळणी यंत्रांसाठी. संरक्षक नळकांडं कसं असावं, जखमी झालेल्याला भरपाई कशी मिळावी, वगैरे. तात्यांची बोटं १९७८ ची. दोन्ही कायदे त्यांना उशिराचे. आणि माझ्या दारातलं यंत्र १९८२ नंतरचं, नियमाप्रमाणे बनलेलं. त्याचा नियम एका तारेनं रद्द झाला होता आणि ती तार मी ठेवली होती.

तर यंदा आम्ही काय घेतलं ते सांगतो, कारण दोघा-तिघांनी विचारलं आहे.

मला हातयंत्रच घ्यायचं होतं. इतिहास वाचून प्रेम बसलेलं. पण प्रेमानं गवत कापलं जात नाही. आमच्याकडचं गवत मुख्यतः टॉल फेस्क्यू आहे, ते तीन ते साडेतीन इंच ठेवावं लागतं, त्याहून खाली नेलं तर जुलैच्या उन्हात करपतं. बहुतेक हातयंत्रं एवढ्या उंचीवर कापतच नाहीत. शिवाय गवत वाढून आडवं पडलं किंवा मध्ये काटकी आली की पाती अडतात. अंगण लहान असेल, गवत बारीक असेल आणि दर पाच-सहा दिवसांनी फेरी मारायची तयारी असेल तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. आवाज नाही, धूर नाही. शिकागोकडच्या माझ्या एका मित्राकडे आहे. तो वर्तमानपत्राची पट्टी पात्यात धरून बघतो. पट्टी स्वच्छ कातरली तर स्थिर पट्टी नीट लागली आहे, दुमडली तर स्क्रू आवळायचा.

रोबो नको म्हटलं, कारण आमच्या अंगणात उतार आहे आणि शेजारची छोटी मुलं अनवाणी येतात. पेट्रोलचं घ्यायचं मन होईना. कॅलिफोर्नियानं तर २०२१ मध्ये कायदा करून नव्या पेट्रोल यंत्रांची विक्री २०२४ पासून बंद करायची वाट धरली, तेही वाचलेलं होतं. शेवटी बॅटरीचं घेतलं, २१ इंची. दांडी सोडली की पातं लगेच थांबतं, आणि वर एक चावी आहे, ती काढून खिशात टाकली की यंत्र म्हणजे नुसतं फर्निचर. पात्याची धार हिवाळ्यात आणि जुलैत अशी दोनदा लावायची ठरवलं आहे. एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कापायचं नाही, ओलं असताना कापायचं नाही. बाकी दंताळं जुनंच आहे, कडेसाठी लांब दांड्याची कात्री आहे, आणि हरळी काढायला आबांनी जाताना ठेवलेलं खुरपं. हे खुरपं कऱ्हाडच्या लोहारानं केलेलं. इथल्या दुकानात त्याच्या तोडीचं मला अजून मिळालं नाही, आणि मी शोधलं नाही असं नाही.

रविवारी आबांना व्हिडिओवर यंत्र दाखवलं. आता ते पंच्याऐंशीचे आहेत, कमी ऐकू येतं. मुलानं चालवून दाखवलं, दांडी सोडून दाखवली. त्यांनी पुन्हा एकदा सोडायला सांगितली. मग त्याला म्हणाले, "बाळा, बूट घालून चालव, चपला नको." मग मला म्हणाले, "कापल्यालं गवत काय करतोस?" मी म्हटलं, तिथंच पडू देतो, कुजून खत होतं. त्यांना ते फारसं पटलं नाही. थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, हितं आसतं तर म्हशीला दोन दिस झालं आसतं.